समोर बोलतंय कोण?

2013 सालच्या जून आणि जुलै महिन्यांत ट्विटरवर साडेतीन लाखांच्या आसपास नवी खाती उघडली गेली. प्रत्येक खात्याला चारचौघांसारखे नाव होते. कुणीच फार बोलत नव्हते. एकाही खात्याने 11 हून अधिक ट्वीट केली नाहीत आणि जुलैच्या मध्यानंतर सगळीच गप्प झाली. ट्विटरच्या सुरक्षा यंत्रणेला त्यांत काही वावगे दिसले नाही. तीन वर्षांहून अधिक काळ ती खाती तशीच पडून राहिली.

ती उघडकीला आली एका नकाशामुळे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधले संशोधक हुआन एचेवेरिया आणि शी झोऊ ट्विटरवरच्या खात्यांचा एक मोठा नमुना तपासत होते. ज्या ट्वीटसोबत ठिकाणाची नोंद होती, ती त्यांनी जगाच्या नकाशावर ठिपक्यांच्या रूपात मांडली. माणसे शहरांत दाटीने राहतात, वाळवंटात तुरळक, भर समुद्रात राहतच नाहीत. ठिपकेही तसेच पडायला हवेत, आणि बहुतेक तसेच पडले. पण युरोप आणि उत्तर अमेरिकेवर दोन भलेमोठे आयत उमटले होते, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. त्या आयतांच्या आत शहरांवर जेवढे दाट ठिपके, तेवढेच समुद्रावर आणि निर्जन बर्फाळ प्रदेशावर. त्यांच्यामागची खाती उघडली, तर सगळीकडे ‘स्टार वॉर्स’वरच्या कादंबऱ्यांतून उचललेली वाक्ये होती, काही तर मध्येच तुटलेली. आणि सगळी ट्वीट ‘विंडोज फोन’वरून केल्याची नोंद. जानेवारी 2017 मध्ये हे संशोधन जगासमोर आले.

ही खाती माणसांची नव्हती. एका संगणक कार्यक्रमाने ती उघडली होती आणि त्यानेच ती चालवली. त्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता नावालाही नव्हती. कादंबरीतले वाक्य उचलायचे, आयतातला एखादा बिंदू निवडायचा आणि ट्वीट करायचे, एवढेच काम. तरीही जगातल्या एका बड्या माध्यमावर ती वर्षानुवर्षे माणसे म्हणून खपली. एकेकटे पाहिले तर एकाही खात्यावर संशय घ्यावा असे काही नव्हते. सगळी एकत्र मांडली, तेव्हाच आयत दिसला.

समाजमाध्यमांवरचे बॉट समजून घ्यायचे तर सुरुवात इथून करावी लागते. बॉटचे बळ त्याच्या बुद्धीत नसते. ते त्याच्या संख्येत असते आणि त्याहून अधिक आपल्या विश्वासात असते. आता मात्र त्याला बुद्धीसारखे काहीतरी मिळाले आहे, आणि त्यामुळे खेळाचे नियमच बदलत आहेत.

बॉट वेगळा, बुद्धिमत्ता वेगळी

हल्ली हे दोन्ही शब्द एका श्वासात उच्चारले जातात, म्हणून आधी त्यांची फोड करू. बॉट म्हणजे माणसाने दर वेळी बटण न दाबता स्वतःहून काम करत राहणारा संगणक कार्यक्रम. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे मोठ्या माहितीसाठ्यातून नमुने शिकून मजकूर लिहिणे, चित्र ओळखणे किंवा निर्णय घेणे ही क्षमता. ही क्षमता असलेला बॉट असू शकतो आणि नसलेलाही असू शकतो. आजवरचे बहुतांश बॉट नसलेलेच होते.

रेल्वेचे उदाहरण घ्या. गणपतीत कोकणात जायला किंवा दिवाळीत घरी परतायला तिकीट काढताना खिडकी उघडताच आसने संपल्याचा अनुभव महाराष्ट्रात घरोघरी आहे. जून 2025 मध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितले, की तत्काळ आरक्षण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी 50 टक्क्यांपर्यंतचे प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचेही मंत्रालयाने जाहीर केले. या बॉटना विचार करावा लागत नाही. नाव, वय, गाडीचा क्रमांक माणसाच्या बोटांहून वेगाने भरायचा, एवढेच ते करतात.

समाजमाध्यमावरचा साधा बॉटही याच जातकुळीतला. तो कसा चालतो ते जवळून पाहू. समजा, पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाचा गाजावाजा करायचा आहे. कार्यक्रम दर पाच मिनिटांनी माध्यमाच्या संगणकाला विचारतो: मघापासून ‘पुणे’ आणि ‘फ्लॅट’ हे शब्द कुणी लिहिले? उत्तरात यादी येते. यादीतल्या प्रत्येक पोस्टला तो लाइक देतो. दर तिसऱ्या पोस्टखाली, आधीच लिहून ठेवलेल्या वीस वाक्यांतले एक चिकटवतो: ‘आम्हीही तिथे पाहून आलो, छान आहे.’ दोन प्रतिक्रियांमध्ये कधी 40 सेकंद, कधी सात मिनिटे थांबतो, म्हणजे घड्याळाची नियमितता दिसू नये. रात्री एक ते सहा गप्प बसतो, कारण माणसे झोपतात. हे सगळे शंभरेक ओळींच्या कोडमध्ये बसते. तोच कार्यक्रम वेगवेगळ्या नावांची पाचशे खाती एकाच वेळी चालवू शकतो.

यात कृत्रिम बुद्धिमत्ता तीन जागी शिरते. पहिली जागा उघड आहे. वीस ठरलेल्या वाक्यांऐवजी दर वेळी नवे, समोरच्याच्या बोलण्याला धरून लिहिलेले वाक्य मिळते. दुसरी जागा चेहऱ्याची. पूर्वी खोट्या खात्यासाठी कुणाचा तरी फोटो चोरावा लागे आणि फोटोच्या उलट शोधातून चोरी पकडता येई. आता जगात कधीच नसलेल्या माणसाचा चेहरा हवा तेव्हा तयार होतो. तिसरी जागा आपल्याला सहसा दिसत नाही. आपल्या पडद्यावर कोणती पोस्ट वर यावी हे ठरवणारी यंत्रणा स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालते. कशाला लवकर प्रतिसाद मिळतो, कशावर लोक रेंगाळतात, हे पाहून ती क्रम लावते. बॉटने दिलेल्या पाचशे लाइकचा खरा वाचक बहुधा हीच यंत्रणा असते. बॉट तिला पटवतो की या विषयाची चर्चा आहे, आणि मग तीच तो विषय लाखो माणसांपुढे नेऊन ठेवते.

एलायझाने शिकवलेला धडा

यंत्राशी बोलताना माणूस किती लवकर विरघळतो, हे समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी दिसून आले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 1964 ते 1966 या काळात संवाद साधणारा एक कार्यक्रम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले एलायझा. पु. ल. देशपांडे यांनी ज्याची ‘ती फुलराणी’ केली, त्या बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाची ही नायिका. शिकवल्यावर तिची बोली बदलत जाते, म्हणून हे नाव.

एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका मानसोपचारतज्ज्ञाची. तिचे तंत्र अगदी साधे होते. वाक्यातला ओळखीचा शब्द पकडायचा आणि तोच प्रश्नाच्या रूपात परत द्यायचा. कुणी लिहिले, ‘मला आईची काळजी वाटते’, तर उत्तर, ‘तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा.’ ओळखीचा शब्द सापडला नाही तर, ‘बरं, पुढे बोला.’ तिला आई कळत नव्हती आणि काळजीही कळत नव्हती. वायझेनबाउम यांच्या सचिवबाईंनी हे काम सुरू असल्यापासून पाहिले होते, हा निव्वळ कार्यक्रम आहे हे त्या जाणून होत्या. तरीही एकदा एलायझाशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाउम या अनुभवाने हादरले. 1976 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि पुढचे आयुष्य संगणकाच्या अतिरेकी वापराविरुद्ध इशारे देण्यात घालवले. ते मूळचे बर्लिनचे ज्यू, नाझी राजवटीमुळे लहानपणीच देश सोडावा लागलेले. माणसाला यंत्राच्या पातळीवर आणून बसवणाऱ्या विचाराबद्दल ते इतके अस्वस्थ का होत, हे त्यावरून उमगते.

यंत्राकडून माणूस शिकतो तसे माणसाकडून यंत्रही शिकते, आणि काय शिकते हे 2016 मध्ये जगाने पाहिले. 23 मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर ‘टे’ नावाचा बॉट सोडला. एखाद्या अमेरिकी तरुणीसारखी भाषा बोलायची, लोकांशी गप्पा मारायच्या आणि त्या गप्पांतूनच शिकत जायचे, अशी योजना. काही टोळक्यांनी ठरवून तिला वंशद्वेषी मजकूर भरवला. ‘माझ्यामागून म्हण’ असे सांगितले की ती म्हणत असे, या सोयीचाही त्यांनी फायदा घेतला. काही तासांत टे हिटलरची स्तुती करू लागली आणि सुमारे 16 तासांनी कंपनीला ती मागे घ्यावी लागली. एलायझाने दाखवले की आपण यंत्रावर फार लवकर विश्वास टाकतो. टेने दाखवले की यंत्राला चांगले-वाईट ठरवता येत नाही आणि ज्यांच्या हाती ते सापडेल त्यांचेच ते होते.

गर्दी विकत मिळते

अनोळखी गावात दोन खाणावळी शेजारी-शेजारी असल्या आणि एक भरलेली, दुसरी रिकामी असली, तर आपण भरलेलीत शिरतो. चव घेण्याआधीच गर्दीने आपला निर्णय केलेला असतो. बॉटचा सारा व्यापार या एका सवयीवर उभा आहे. फॉलोअर, लाइक, शेअर हे आकडे म्हणजे समाजमाध्यमावरची गर्दी, आणि ती विकत मिळते.

जानेवारी 2018 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘डेव्हुमी’ नावाच्या अमेरिकी कंपनीचा व्यवहार उघड केला. तिच्याकडे किमान 35 लाख स्वयंचलित खात्यांचा साठा होता. तीच खाती पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकून तिने 20 कोटींहून अधिक फॉलोअर पुरवले होते. गिऱ्हाइकांत खेळाडू, कलाकार, राजकारणी, व्यावसायिक असे सगळे होते. यातली किमान 55 हजार खाती खऱ्या माणसांची नावे, फोटो आणि गावे उचलून बनवलेली होती. शाळकरी मुलीच्या चेहऱ्याने एखादे खाते भलत्याच जाहिराती पसरवत असे आणि तिला त्याचा पत्ताही नसे. फसवणूक गिऱ्हाइकाच्या वाचकांची होते, हे तर खरेच. पण ज्याची ओळख चोरली गेली त्याचे नुकसान त्याहून खोल असते.

हा धंदा दूरदेशीचा नाही. जुलै 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने पैसे घेऊन खोटे फॉलोअर पुरवणाऱ्या टोळीचा छडा लावला आणि एकाला अटक केली. तपासाची सुरुवात एका गायिकेच्या तक्रारीतून झाली होती: तिच्या नावाने कुणीतरी खोटे इन्स्टाग्राम खाते उघडले होते.

खोटी खाती किती प्रमाणात उघडली जातात, याचा अंदाज फेसबुकच्याच आकड्यावरून येतो. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत कंपनीने सुमारे 219 कोटी खोटी खाती काढून टाकली. बहुतेक उघडता-उघडताच पकडली गेली. पण निसटली त्यांना आपण आत घेतो. 2011 मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 102 बॉट आठ आठवडे फेसबुकवर सोडले. सुमारे तीन हजार माणसांनी त्यांची मैत्री स्वीकारली. सामाईक मित्र जितके अधिक, तितका होकार अधिक. एकाने विश्वास ठेवला की त्याच्या मित्रांचा पहारा आपोआप सैल होतो. आणि एकदा मैत्री जुळली की ईमेल, फोन क्रमांक, जन्मतारीख अशी खाजगी माहिती बॉटच्या हाती जाते.

अफवा पसरवतो कोण?

खोटी बातमी पसरली की दोष बॉटवर टाकायची सवय लागली आहे. पुरावा अधिक गुंतागुंतीची गोष्ट सांगतो.

मार्च 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या सोरुश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अरल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्यांचा माग त्यांनी काढला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के अधिक निघाली. 1,500 माणसांपर्यंत पोहोचायला सत्याला असत्याच्या सहापट वेळ लागत होता. मग त्यांनी बॉट ओळखून बाजूला काढले आणि हिशेब पुन्हा मांडला. निष्कर्ष बदलला नाही. बॉट खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच वेगाने ढकलत होते. खोट्याला झुकते माप देत होती माणसे, कारण खोटी बातमी नवी वाटते, चकित करते, किळस आणते.

त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठाच्या गटाने दुसरी बाजू पुढे आणली. 2016 आणि 2017 मधल्या दहा महिन्यांतली एक कोटी 40 लाख ट्वीट तपासल्यावर त्यांना दिसले, की अविश्वसनीय मजकूर पसरण्याच्या अगदी पहिल्या क्षणांत बॉट जोमाने काम करतात. बातमी आली की काही सेकंदांत ते ती उचलून धरतात आणि ज्यांचे फॉलोअर भरपूर आहेत अशांची नावे घालून त्यांच्यापुढे टाकतात. त्यांतल्या एखाद्याने शेअर केली की बॉटचे काम संपते आणि माणसांचे सुरू होते.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. बॉट सुरुवात करून देतो, वाहून नेतो तो माणूस. घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर हेच घडते. मजकूर कुठल्याशा यंत्राने जन्माला घातलेला असेल, पण तो आपल्यापर्यंत येतो मामांकडून, शेजारच्या काकूंकडून, शाळेतल्या मित्राकडून. आपण विश्वास ठेवतो तो मामांवर.

यात एक तिसरा प्रकारही मिसळलेला असतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग इथली ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ ही संस्था अमेरिकेच्या राजकारणात ढवळाढवळ केल्याबद्दल कुप्रसिद्ध झाली. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेने तिच्यासह तीन संस्था आणि 13 रशियन व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले. तिथे पगारी माणसे पाळ्यांमध्ये बसून खोट्या नावांनी लिहीत होती. 21 मे 2016 रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन विरोधी गट आमनेसामने आले. एका निदर्शनाची हाक ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने दिली होती, दुसऱ्याची ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने. दोन्ही पाने याच संस्थेची होती. रस्त्यावर उतरलेली माणसे मात्र खरी होती, त्यांचा संतापही खरा होता. हे काम बॉटने केले नव्हते, माणसांनी केले होते. पण त्याला माणसे लागत होती, पगार लागत होता, इमारत लागत होती. पुढच्या बदलाचे गांभीर्य इथेच आहे.

भाषेचे कुंपण

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. अस्खलित, प्रसंगाला साजेसे आणि कधीही न थकणारे लेखन कुणालाही जवळपास फुकट मिळू लागले. काही महिन्यांतच, 2023 मध्ये, इंडियाना विद्यापीठाच्या काइ-चेंग यांग आणि फिलिप्पो मेन्झर यांना ट्विटरवर 1,140 खात्यांचे एक जाळे सापडले. खाती आभासी चलनाची भलामण करत, एकमेकांना उत्तरे देत आणि त्यांचे लेखन चॅटजीपीटीकडून येत असे. पकडली गेली ती केवळ निष्काळजीपणामुळे. यंत्राने एखादी विनंती नाकारताना ‘एआय लँग्वेज मॉडेल म्हणून मला हे करता येणार नाही’ असे उत्तर दिले, की तेच उत्तर जसेच्या तसे पोस्ट होई. संशोधकांनी तेवढेच शब्द शोधले. हे चालवणारा थोडा सावध असता तर जाळे कदाचित सापडलेच नसते.

याचा धोका मराठीला वेगळ्या प्रकारे आहे. आजवर आपल्या भाषेनेच आपली राखण केली. परदेशातून चालवलेल्या बॉटचे मराठी एका ओळीत उघडे पडे. ‘नमस्कार प्रिय, मी तुमच्या प्रोफाइलने खूप प्रभावित झाला आहे’ असा निरोप एखाद्या बाईच्या फोटोखाली आला, की शाळकरी पोरही तो खोटा आहे हे ओळखत असे. लिंग चुकायचे, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची सरमिसळ व्हायची, ‘ताई’ कुठे म्हणायचे आणि ‘मॅडम’ कुठे हे कळायचे नाही. ते कुंपण आता मोडत आहे. आजची भाषा-यंत्रे व्याकरणशुद्ध मराठी लिहितात आणि दर नव्या आवृत्तीगणिक त्यांची बोली सुधारते. ‘दादा, आमच्या इकडंबी हेच चाललंय’ असे एखाद्या शेतीविषयक गटात लिहिणारा खरोखर तिकडचा आहे का, हे केवळ भाषेवरून सांगता येईल अशी खात्री यापुढे बाळगू नये.

बॉटचे वागणेही बदलते आहे. जुना बॉट गर्दीत उभा राहून ओरडत असे. नवा बॉट आपल्या शेजारी बसून बोलतो. त्याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण एप्रिल 2025 मध्ये उघड झाले. रेडिट या माध्यमावर ‘चेंज माय व्ह्यू’ नावाचा एक मोठा समुदाय आहे. तिथे लोक आपले मत मांडतात आणि ते बदलून दाखवा असे आवाहन करतात. ज्याच्या युक्तिवादाने मत बदलले त्याला तशी पावती देतात. प्रामाणिक वादविवादाची ही दुर्मीळ जागा. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी तिथे कुणालाही न सांगता कृत्रिम बुद्धिमत्तेची खाती सोडली आणि चारेक महिन्यांत 1,700 हून अधिक प्रतिक्रिया लिहून घेतल्या. एक खाते बलात्कारातून वाचलेली व्यक्ती म्हणून बोलत होते, एक मानसिक आघातांवर समुपदेशन करणारा म्हणून, एक ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीला विरोध असलेला कृष्णवर्णीय म्हणून. काही उत्तरे तर समोरच्याच्या जुन्या लेखनावरून त्याचे वय, लिंग, राजकीय कल यांचा अंदाज बांधून बेतलेली होती. या खात्यांना मत बदलल्याच्या शंभराहून अधिक पावत्या मिळाल्या. समुदायाच्या नियमांनुसार असा छुपा वापर निषिद्ध होता. संचालकांनी विद्यापीठाकडे तक्रार केली, मोठा गदारोळ झाला आणि संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला.

तिथे उत्तर देणाऱ्यांनी आपला वेळ दिला, काहींनी आपले दुःखही सांगितले, कारण समोर कुणीतरी तसेच सोसलेले आहे असे त्यांना वाटले. तिथे कुणीच नव्हते. युक्तिवाद चुकीचा होता असे नव्हे. काही युक्तिवाद चांगलेही असतील. पण ‘मी हे भोगले आहे’ हे वाक्य युक्तिवाद नसते, ते तारण असते, आणि तारण खोटे होते.

ओळखावे कसे?

बॉट ओळखण्याच्या अनेक युक्त्या सांगितल्या जातात: नावापुढे आकड्यांची शेपटी, फोटो नाही, दिवसाला शंभर पोस्ट, एकाच विषयाचा ध्यास. यांतल्या कशावरही एकट्याने विसंबू नये. नाव सुचत नसले की माध्यमच नावापुढे आकडे जोडून देते आणि लाखो खरी माणसे ते तसेच स्वीकारतात. निवृत्तीनंतर नुकताच स्मार्टफोन हाती आलेले आजोबा रोज पहाटे पन्नास जणांना सुविचार पाठवतात. निव्वळ आकडेमोडीच्या नजरेला तेही बॉटच वाटतील. म्हणूनच ‘तू बॉट आहेस’ ही हल्ली राजकीय वादात सर्रास दिली जाणारी शिवीही घातक आहे. न पटणाऱ्या माणसाला माणूस म्हणायलाच नकार द्यायची ती सोपी पळवाट आहे.

खात्याकडे पाहण्यापेक्षा खात्यांच्या समूहाकडे पाहणे अधिक फलदायी. एकाच शब्दांत लिहिलेल्या पोस्ट काही मिनिटांच्या अंतराने वेगवेगळ्या नावांनी येत आहेत का? एकाच आठवड्यात उघडलेली खाती एकमेकांनाच दाद देत आहेत का? वर्षभर क्रिकेटवर बोलणारे खाते एकाएकी दुसऱ्या राज्यातल्या निवडणुकीत बुडून गेले का? इंडियाना विद्यापीठाने 2014 पासून खात्यांच्या अशा शेकडो खुणा एकत्र मोजणारे साधन विकसित केले. पण अशा साधनांना माध्यमाच्या आतली माहिती लागते. 2023 च्या सुरुवातीला ट्विटरने ती माहिती मोफत देणे बंद केले आणि स्वतंत्र संशोधकांची नजरच अधू झाली. ज्या नकाशाने साडेतीन लाख खाती उघडी पाडली, तसा नकाशा काढणे आज कितीतरी महाग आणि अवघड आहे.

सामान्य वाचकाच्या हाती मात्र एक भक्कम उपाय उरतो: पडताळणी समाजमाध्यमाच्या बाहेर करावी. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या गटातले दोनशे सदस्य ‘मला फायदा झाला’ म्हणत असतील, तरी ती दोनशे माणसे नसू शकतात. त्या संस्थेची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या यादीत पाहता येते. बातमी भडक असेल तर शेअर करण्यापूर्वी ती एखाद्या जबाबदार वृत्तपत्रात आहे का, एवढे पाहावे. राग किंवा भीती दाटून आली असेल त्या क्षणी पुढे पाठवू नये. बॉटची साखळी आपल्या अंगठ्यापाशीच तुटते.

पाटी लावलीच पाहिजे

सगळेच बॉट वाईट असतात असा समज मात्र करून घेऊ नये. मार्च 2014 मध्ये लॉस एंजेलिसला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या ‘क्वेकबॉट’ने तीन मिनिटांत बातमी दिली. इंग्रजी विकिपीडियावर ‘क्लूबॉट एनजी’ हा बॉट 2010 पासून लेखांतली नासधूस शोधून ती दुरुस्त करतो आहे. मुंबई महापालिकेने जानेवारी 2022 मध्ये व्हॉट्सॲपवर चॅटबॉट सुरू केला आणि कितीतरी सेवांची माहिती फोनवर मिळू लागली. या सगळ्यांत एक समान गुण आहे. ते आपण बॉट असल्याचे लपवत नाहीत. विकिपीडियावर तर बॉटला आधी समुदायाची परवानगी घ्यावी लागते आणि त्याच्या खात्यावर तशी खूण असते.

चांगला आणि वाईट बॉट यांतली रेषा इथे आहे. तंत्रज्ञान तेच, वेग तोच, बुद्धिमत्ताही तीच. फरक आहे तो ओळख सांगण्याचा. कायदेही याच दिशेने चालले आहेत. कॅलिफोर्निया राज्यात 1 जुलै 2019 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, वस्तू विकण्यासाठी किंवा निवडणुकीत मत वळवण्यासाठी बॉटला माणूस म्हणून खपवणे बेकायदा आहे. युरोपीय महासंघाच्या 2024 मधल्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात, आपण यंत्राशी बोलत आहोत हे माणसाला कळले पाहिजे अशी तरतूद आहे. भारतात ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम चित्रे, आवाज आणि चित्रफिती यांवर लेबल लावण्याच्या नियमांचा मसुदा मांडला. असे लेबल आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. चित्रफितीवरचे लेबल मजकुराविषयी सांगते. बोलणारे खाते कोण चालवते हा प्रश्न त्याने सुटत नाही. लेबल लावलेली एकही चित्रफीत न टाकता हजार खाती एखाद्या गावातली निवडणूक, एखाद्या मुलीची बदनामी किंवा एखाद्या समाजाविषयीचा द्वेष महिनोन्महिने पेटता ठेवू शकतात.

म्हणून मागणी नेमकी असायला हवी. स्वयंचलित खात्यावर ते स्वयंचलित असल्याची ठळक खूण असावी, आणि ती न लावणे हा गुन्हा ठरावा. माध्यम कंपन्यांनी संशोधकांना तपासणीपुरती माहिती पुन्हा खुली करावी. ती भारतीय भाषांतली असावी, कारण मराठीतला बॉट ओळखण्याची साधने इंग्रजीच्या मागे राहिली तर फसवणारे मराठीकडेच वळतील. आणि शाळेत संगणक शिकवताना टायपिंगबरोबर हेही शिकवले जावे, की पडद्यावरची गर्दी मोजण्याआधी ती कुणाची आहे हे विचारायचे असते.

लोकशाहीत प्रत्येकाला एकच मत असते. या एका मताला अर्थ आहे, कारण ते देणारा माणूस मोजता येतो, त्याला घर आहे, नाव आहे, केल्या-बोलल्याचे परिणाम त्याला भोगावे लागतात. चर्चेच्या मैदानात मात्र आपण एका माणसाला हजार तोंडे घेऊन उतरण्याची मुभा देऊन बसलो आहोत. ही मुभा काढून घेणे तंत्रज्ञानाला अशक्य नाही आणि कायद्यालाही नाही. समोर बोलणारा माणूस आहे की यंत्र, हे जाणून घेण्याचा हक्क नागरिकाचा आहे, आणि तो मागितल्याशिवाय कोणतीही कंपनी आपण होऊन देणार नाही.